झांकणाची कागदी डबी

मराठी भाषेंत 'घडी' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. घडी म्हणजे काळाचा लहानसा भाग. घडी म्हणजे वस्त्राची किंवा कागदाची दुमड. आणि संसाराची घडी बसली असें जेव्हां आपण म्हणतों, तेव्हां त्याच शब्दानें आपण सुव्यवस्था सुचवितों. ज्या हस्तकौशल्याची माहिती प्रस्तुत लेखांत आम्ही देणार आहों, त्यांत हे तिन्ही अर्थ एकत्र येतात. थोडासा वेळ, कागदाच्या कांहीं दुमडी आणि त्यांची बिनचूक व्यवस्था एवढ्याच भांडवलावर भेटवस्तु ठेवण्याजोगी एक सुबक, झांकण असलेली डबी तयार होते.

आपल्याकडे वाण्याची पुडी दोऱ्यानें बांधावी लागते, विड्याला लवंग टोंचावी लागते, पत्रावळीला काड्या लागतात. ह्या डबीस मात्र दोरा नको, टांचणी नको आणि खळही नको. मग ती उभी कशाच्या आधारावर राहते? ह्या प्रश्नाचें उत्तर डबी करूनच मिळवावें हें उत्तम. म्हणून विद्यार्थिमित्रांनीं हा लेख नुसता वाचूं नये. कागद हातीं घेऊन वाचावा.

कलेचा पूर्वेतिहास

कागदाच्या घड्या घालून आकृति निर्माण करण्याच्या कलेस जपानी भाषेंत 'ओरिगामी' म्हणतात. 'ओरि' म्हणजे दुमडणें व 'कामि' म्हणजे कागद. कागदाचे क्रौंच पक्षी कसे करावे हें शिकविणारें एक पुस्तक त्या देशांत सन १७९७ मध्येंच छापलें गेलें होतें. आपल्या डबीच्या आकारास तेथें 'मासू' म्हणतात. मासू हें मुळांत तांदूळ व मद्य मोजण्याचें लांकडी चौकोनी माप होय. आपल्याकडे शेर, अधोली, पायली हीं मापें जशीं घरोघर होतीं, तसेंच तें.

परंतु ही कला केवळ जपानची असें मानण्याचें कारण नाहीं. श्रावणांतील पाण्याच्या ओहोळांत आपलीं मुलें साधी होडी, नांगरहोडी, राजाराणीची होडी पिढ्यान् पिढ्या सोडीत आलीं आहेत. युरोपांत फ्रीड्रिक फ्रोबेल (१७८२–१८५२) ह्या जर्मन शिक्षणशास्त्रज्ञानें बालोद्यान-पद्धति सुरू केली. तींत कागदाच्या घड्यांस मानाचें स्थान होतें. पंडिता रमाबाई सन १८८६ मध्यें अमेरिकेस गेल्या असतां त्यांनीं फिलाडेल्फिया येथें ह्याच पद्धतीचा अभ्यास केला. स्वदेशीं परतल्यावर त्यांनीं सन १८८९ मध्यें मुंबईस शारदासदन उघडलें आणि पुढील वर्षीं तें पुण्यास आणलें. तेव्हां घडीस शिक्षणाचें साधन मानणारी ही पद्धति ह्या शहरास नवी नाहीं.

ह्याच बालोद्यानांतील घड्यांवरून मद्रासकडील टी. सुंदरराव ह्या गृहस्थांस एक कल्पना सुचली. मुलांच्या ह्या खेळांतून भूमितीचे सिद्धांत शिकवितां येतील असें त्यांस वाटलें, आणि सन १८९३ मध्यें मद्रास येथें त्यांचें ह्या विषयावरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालें. फेलिक्स क्लाइन ह्या थोर जर्मन गणितज्ञानें आपल्या ग्रंथांत त्याचा उल्लेख केल्यामुळें त्याची कीर्ति परदेशांतही पसरली. आपल्या डबींतही भूमिति कशी लपलेली आहे हें आम्ही पुढें दाखविणार आहों.

कागद कोणता घ्यावा

कागदाच्या बाबतींत पुणेंकरांचें भाग्य थोर आहे. पुणें जिल्ह्यांतील जुन्नर येथें पूर्वीं उत्तम हातकागद बनत असे. कसबा पेठेंतील कागदीपुरा हें नांव त्याच व्यवसायाची आठवण देतें. पुढें सन १९४० मध्यें पुण्यांत हातकागद संस्था स्थापन झाली आणि ह्या जुन्या धंद्यास नवें जीवन मिळालें. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून बनविलेला हातकागद चिवट असतो. घडीवर तो सहसा फाटत नाहीं. मात्र तो जाड असल्यामुळें नवशिक्यानें त्याच्या वाटेस एकदम जाऊं नये.

आरंभ जुन्या वर्तमानपत्रावर करावा. हात बसल्यावर जुन्या दिनदर्शिकेचें पान किंवा एका बाजूस रंग असलेला घोटीव कागद घ्यावा. पतंगी कागद फार पातळ असल्यानें त्याच्या भिंती उभ्या राहत नाहींत. आणि लग्नपत्रिकेचा ताठ कागद घडीवर तडकतो. वहीच्या पानाहून किंचित् जाड असा कागद सर्वांत सोईचा. अप्पा बळवंत चौकांतील दुकानांत असे कागद हवे त्या रंगाचे मिळतात.

दोन चौरस कापावे : झांकणासाठीं २० सेंटिमीटर बाजूचा आणि तळासाठीं १९.५ सेंटिमीटर बाजूचा. कागद जाड असल्यास तळाचा चौरस १९ सेंटिमीटरचा घ्यावा. चौरस खरा आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तो कर्णावर अलगद दुमडून पाहावा, पण कर्णावर घडी दाबूं नये. कांठावर कांठ तंतोतंत बसला तरच पुढें जावें. कात्रीचें काम येथें संपलें.

कृति

पहिली कृति. रंगीत बाजू खालीं करून कागद टेबलावर पसरावा. खालचा कांठ वरच्या कांठावर ठेवून घडी घालावी, नखानें दाबावी व पुन्हां उलगडावी. मग डावा कांठ उजव्या कांठावर आणून तसेंच करावें. ह्या दोन खुणा एकमेकींस जेथें छेदतात तो कागदाचा मध्यबिंदु.

दुसरी कृति. चारही कोपरे ह्या मध्यबिंदूवर आणून दुमडावे. कोपरे एकमेकांस भिडावे, परंतु एकमेकांवर चढूं नयेत. आतां एक लहान चौरस तयार होतो. त्याचा कोपरा नव्हे, तर कांठ आपल्याकडे येईल अशा रीतीनें तो फिरवून ठेवावा.

तिसरी कृति. ह्या लहान चौरसाचा खालचा व वरचा कांठ मध्यबिंदूपर्यंत आणून दुमडावा, दाबावा व उलगडावा. मग डाव्या व उजव्या कांठाचेंही तसेंच करावें. हें झाल्यावर चारही कांठांजवळ एक एक खूण उमटलेली दिसते. ह्या खुणांमधला चौरस म्हणजे डबीचा तळ.

चौथी कृति. डावा व उजवा असे समोरासमोरचे दोन कोपरे पूर्ण उलगडून बाहेर पसरावे. वरचा व खालचा कोपरा दुमडलेलाच राहूं द्यावा. आतां वरचा व खालचा कांठ तिसऱ्या कृतींतील खुणांवर काटकोनांत उभा करावा. आंतील त्रिकोणी टोंकें तळावर सपाट पडूं द्यावीं. दोन भिंती झाल्या.

पांचवी कृति. हीच खरी गंमतीची. डावीकडील लांबट टोंक हळूच वर उचलावें. उभ्या भिंती जेथें संपतात तेथें दोन्ही अंगांस एक एक तिरकी खूण आढळेल. त्या खुणांवर कागद बोटानें आंत ढकलला कीं तिसरी भिंत आपोआप उभी राहते. उरलेला भाग तिच्या माथ्यावरून आंत वळवावा व भिंतीस चापून बसवावा. त्याचें टोंक तळाच्या बरोबर मध्यावर येऊन पोंचतें. उजवीकडेही असेंच केलें म्हणजे डबीचा तळभाग पुरा झाला.

दुसऱ्या, मोठ्या कागदाचें झांकण ह्याच पांच कृतींनीं करावें. दोन्ही कागद एकाच मापाचे असल्यास झांकणाच्या तिसऱ्या कृतींत चारही कांठ मध्यबिंदूच्या दोन मिलिमीटर अलीकडेच थांबवावे. तेवढ्यानें झांकण दोन मिलिमीटर रुंद होतें आणि तळावर सहज बसतें.

डबी उभी कशी राहते

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. पांचव्या कृतींत आपण ज्या तिरक्या खुणांवर कागद आंत ढकलला, त्या कोणी घातल्या? त्या पहिल्या कृतींतल्याच होत! आरंभीं घालून लगेच उलगडलेल्या त्या दोन घड्या केवळ मध्यबिंदु शोधण्यासाठीं होत्या असें वाटलें होतें. पण त्याच अखेरीस चारही कोपरे आंतून आवळून धरतात. पहिली घडी केसभर चुकली, तर ती चूक दुसरींत उतरते, तिसरींत वाढते आणि शेवटीं कोपऱ्यांत उघडी पडते. डबीचा सांधा खळीनें नव्हे, तर आरंभीं कोणी पाहत नसतां घेतलेल्या काळजीनें जुळतो.

भूमितीच्या विद्यार्थ्यांनीं आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावें. दुसऱ्या कृतींत चार कोपऱ्यांनीं लहान चौरस पूर्ण झांकला, फट राहिली नाहीं व चढही झाला नाहीं. अर्थात् लहान चौरसाचें क्षेत्रफळ मूळ कागदाच्या बरोबर निम्मे आहे. म्हणून २० सेंटिमीटरच्या कागदापासून सुमारें १४.१ सेंटिमीटर बाजूचा चौरस मिळाला. तळाची बाजू त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारें ७.१ सेंटिमीटर, आणि भिंतीची उंची तळाच्या बाजूच्या निम्मी, म्हणजे सुमारें ३.५ सेंटिमीटर. तळ मूळ कागदाचा केवळ आठवा भाग व्यापतो. बाकीचे सात भाग भिंतींत, कोपऱ्यांत आणि दुहेरी तळांत जिरतात. डबीस बळकटी येते ती त्यांमुळेंच.

ह्यावरून वाटेल त्या मापाची डबी करण्याचा नियम सांपडतो : डबीची जी बाजू हवी तिच्या सुमारें २.८३ पट बाजूचा कागद घ्यावा. दहा सेंटिमीटरची डबी हवी असल्यास कागद २८.३ सेंटिमीटरचा. कागदाची बाजू दुप्पट केली तर डबींत आठपट सामान मावतें, हेंही गणित करून पाहावें. वीस सेंटिमीटरच्या कागदाच्या डबींत सुमारें १७७ घन सेंटिमीटर जागा असते. जपानांतील 'गो' नांवाचें जुनें माप सुमारें १८० घन सेंटिमीटरचें आहे. तेव्हां आपली डबी त्या मापाच्या अगदीं जवळ येते हा एक मौजेचा योगायोग होय.

दोष व त्यांचे उपाय

डबी बिघडली तर निराश न होतां तिची परीक्षा करावी. दोष कोठें आहे हें ती स्वतःच सांगते. आंतील चार टोंकें मध्यावर भिडत नसतील, तर कागद खरा चौरस नव्हता किंवा कोपरे मध्यबिंदूवर आले नव्हते. भिंती बाहेर कलत असतील, तर तिसऱ्या कृतींतील घड्या नीट दाबल्या गेल्या नाहींत. कोपरे फुगत असतील, तर पहिल्या घड्यांची खूण फिकी आहे. झांकण बसतांना अडत असेल, तर तें बळेंच दाबूं नये. तळाचा कागद आणखी दोनतीन मिलिमीटर लहान घेऊन नवा तळ करावा. घामेजलेल्या हातांनीं घडी मऊ पडते, म्हणून हात कोरडे असावे.

शोभा व उपयोग

ह्या डबीची रचनाच अशी आहे कीं कागदाची पांढरी बाजू आंत दडून राहते आणि आंतबाहेर रंगच दिसतो. तळ एका रंगाचा व झांकण दुसऱ्या रंगाचें केल्यास शोभा वाढते. झांकणावर आडवी पट्टी हवी असल्यास २० सेंटिमीटर लांबीची, दोन बोटें रुंद अशी पट्टी वरून घेऊन तिचीं टोंकें आंतल्या भिंतीस किंचित् खळ लावून चिकटवावीं. मात्र फार नटवूं नये. सरळ घडीचें सौंदर्य दागिन्यांखालीं दडूं नये.

संक्रांतीचा तिळगूळ व हलवा, बहिणीनें पाठवावयाची राखी, भाऊबीजेची ओवाळणी, नाताळांत शेजाऱ्यांस द्यावयाची मिठाई, ह्या सर्वांस ही डबी शोभते. तुपकट पदार्थ ठेवावयाचा असल्यास आंत आधीं मेणकागद घालावा, नाहींतर डाग पडतो.

पालकांस आमची एक विनंती आहे. मुलांस शेजारीं बसवून पहिली डबी त्यांच्या हातूनच होऊं द्यावी. वांकडी झाली तरी ती आपण सरळ करून देऊं नये. तीच त्यांना दुसरी डबी सरळ करावयास शिकवील. ज्यांस अधिक गोडी लागेल त्यांनीं श्री. अरविंद गुप्ता ह्यांचीं पुस्तकें अवश्य पाहावीं. पुण्यांतील आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेंत अनेक वर्षें कार्य करून त्यांनीं टाकाऊ वस्तूंपासून व कागदापासून शेंकडों खेळणीं मुलांस करून दाखविलीं, आणि सन २०१८ मध्यें पद्मश्री देऊन सरकारनें त्यांचा गौरव केला.

बाजारांत ह्याहून झगझगीत पेट्या पैसे टाकले कीं मिळतात. पण त्यांत देणाऱ्याचा वेळ नसतो. आपण केलेली डबी जो उघडील, त्यास आंतील तिळगुळाबरोबर आपण शांतपणें घालवलेला अर्धा तासही मिळेल. म्हणून विद्यार्थिमित्रहो, पहिली घडी घालतांना क्षणभर थांबा, कांठावर कांठ नीट बसला आहे ना हें पाहा, आणि मगच नखानें दाबा. पुढचें काम कागद स्वतःच सोपें करील.