धारोष्ण दूध : समज आणि धोका

दूध हे पूर्णान्न मानले जाते. परंतु जे दूध बालकाचे पोषण करते, तेच रोगजंतूंचेही पोषण करते, याचा अनेकदा विसर पडतो. धारोष्ण दूध अधिक शक्तिवर्धक असते, हा समज आजही आढळतो. जनावर धडधाकट दिसते म्हणून त्याचे दूध निर्दोष असतेच, असे मात्र नाही.

माल्टाचा धडा

भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सैनिक दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या तापाने आजारी पडत. डॉ. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये या तापाचा जंतू शोधला; परंतु तो शरीरात कोठून शिरतो, हे कोडे पुढे अठरा वर्षे सुटले नाही. १९०५ मध्ये डॉ. थेमिस्टोक्लिस झामित यांना तो शेळ्यांच्या रक्तात आढळला. वरकरणी निरोगी दिसणाऱ्या या शेळ्यांचे दूध दारोदारी कच्चेच विकले जात असे. १९०६ मध्ये सैन्याला हे दूध देणे बंद होताच सैनिकांमधील रोग झपाट्याने ओसरला. कच्चे दूध व त्यापासून केलेले ताजे चीज सेवन करणाऱ्या नागरिकांत मात्र तो टिकून राहिला.

आपल्या गोठ्यात

हाच रोग 'ब्रुसेलोसिस' होय. आपल्याकडील गाई, म्हशी, शेळ्या व मेंढ्यांनाही तो होतो. गाभण जनावर अखेरच्या महिन्यांत गाभडणे, हे त्याचे प्रमुख लक्षण आहे. अशा वेळी वार उघड्या हाताने हाताळू नये; पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. माणसाला वारंवार ताप, घाम व सांधेदुखी होते आणि हा हिवताप किंवा विषमज्वर असावा, असा गैरसमज होऊ शकतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी व पारड्यांना या रोगाची प्रतिबंधक लस देण्याची तरतूद आहे.

उकळणे आणि स्वच्छता

दूध ६३ अंश सेल्सिअसवर तीस मिनिटे किंवा ७२ अंशांवर पंधरा सेकंद तापविल्यास ब्रुसेलोसिस व क्षयाचे जंतू नष्ट होतात. यालाच पाश्चरीकरण म्हणतात. घरी दुधाला चांगली उकळी आणल्यानेही हे कार्य साधते. परंतु उकळणे हा अस्वच्छतेवरील उतारा नव्हे. सुजलेल्या कासेतून किंवा दोहणाऱ्याच्या जखमी हातातून आलेले काही जंतू उबदार दुधात वाढून विष तयार करतात. उकळल्याने जंतू मरतात. विष तसेच राहू शकते. म्हणून कास व हात धुणे, भांडी निर्मळ ठेवणे आणि दूध विनाविलंब थंड करणे किंवा तापविणे आवश्यक आहे. तापविलेल्या दुधाचे पनीरही अस्वच्छ हातांनी व पाण्याने पुन्हा दूषित होते.

ग्रामपंचायतींनी लसीकरणाच्या दिवसाची दवंडी द्यावी, दूध संस्थांनी संकलन केंद्रावर स्वच्छ पाण्याची सोय ठेवावी आणि शिक्षकांनी कच्चे दूध न पिण्याची सवय मुलांना लावावी. यास खर्च अल्प लागतो. सातत्य मात्र हवे.