जाम झालेले इंजिन कसे सुटते?

वापरल्याने वस्तू झिजते, हे आपण अनुभवाने शिकतो. मग वर्षानुवर्षे एका जागी उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन जसेच्या तसे राहायला हवे. प्रत्यक्षात उलटेच घडते. एखाद्या घराच्या अंगणात ताडपत्रीखाली जुनी प्रीमियर पद्मिनी उभी असते. या गाडीचे उत्पादन थांबून दोन दशके उलटून गेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सींमधूनही ती बाद झाली. कुणी हौसेने ती पुन्हा चालू करायला जातो. नवी बॅटरी बसवतो, किल्ली फिरवतो. 'टक्' असा एकच आवाज येतो. पाना लावून हाताने फिरवू पाहिले तरी इंजिन तसूभर हलत नाही. गॅरेजच्या भाषेत इंजिन जाम झालेले असते.

यानंतरच्या पहिल्या तासाभरात आपण काय करतो, यावर ते इंजिन वाचणार की भंगारात जाणार हे पुष्कळदा ठरते. त्यासाठी लागणारे विज्ञान मात्र आठवी ते दहावीच्या पुस्तकांतलेच आहे.

पकड कुठे बसते?

पद्मिनीच्या इंजिनात चार सिलिंडर आहेत. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची वर-खाली धाव ७५ मिलिमीटर. सिलिंडर ओतीव लोखंडाचे, तर पिस्टन ॲल्युमिनियमचे. पिस्टनच्या खाचांत लोखंडी कड्या, म्हणजे रिंगा, बसवलेल्या असतात आणि त्या सिलिंडरच्या भिंतीला दाबून टेकलेल्या असतात. इंजिन चालू असताना भिंतीवर तेलाचा पातळ थर असतो. गाडी उभी राहिली की हा थर हळूहळू खाली निथळतो आणि लोखंड उघडे पडते.

आता ओलावा आत कसा जातो ते पाहू. चार सिलिंडर एकाच वेळी चार वेगवेगळ्या अवस्थांत असतात. त्यामुळे इंजिन कुठेही थांबले, तरी साधारणपणे एकाची हवा आत घेणारी झडप आणि दुसऱ्याची धूर बाहेर सोडणारी झडप उघडीच राहते. दिवसा आतली हवा तापून प्रसरण पावते व थोडी बाहेर जाते. रात्री निवल्यावर बाहेरची दमट हवा आत येते. म्हणजे बंद पडलेले इंजिनही रोज एक श्वास घेत असते. पावसाळ्यात या हवेतली वाफ थंड लोखंडावर दवासारखी साचते. म्हणूनच अनेकदा एक सिलिंडर गंजून लाल झालेला आणि शेजारचा अजून चकचकीत, असे दिसते.

गंज ज्या लोखंडापासून बनतो त्याच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. उघड्या पत्र्यावर तो नुसता पापुद्र्यासारखा फुगतो. रिंग आणि भिंत यांच्यामध्ये मात्र फुगायला जागाच नसते, त्यामुळे तो पाचर ठोकल्यासारखा बसतो.

तेल किंवा पाणी संपून चालत्या गाडीचे इंजिन पकडले जाते, तो विकार वेगळा. तिथे पिस्टनचे ॲल्युमिनियम भिंतीला खरवडून चिकटलेले असते आणि बहुधा इंजिन उघडावेच लागते. पुढचे उपाय उभ्या गाडीसाठी आहेत.

जोर लावला तर?

आधी बॅटरी काढावी, गाडी न्यूट्रलमध्ये आणावी आणि फॅन बेल्ट सोडवावा. कधीकधी इंजिन मोकळे असून डायनॅमो किंवा पाण्याचा पंपच अडकलेला असतो. मग चारही स्पार्क प्लग काढून बॅटरीच्या उजेडात आत डोकवावे. डिपस्टिकवर पाणी किंवा दुधट रंगाचे तेल आहे का, तेही पाहावे.

एवढे झाले की सगळ्यांना एकच मोह होतो: लांब पाइप लावून फिरवू, नाहीतर दुसऱ्या गाडीने ओढून गिअर टाकू. इथे थोडे गणित करू. क्रँकची त्रिज्या पिस्टनच्या धावेच्या निम्मी, म्हणजे ३७.५ मिलिमीटर असते. ३०० मिलिमीटर लांबीच्या पान्यावर २० किलोग्रॅम भाराएवढा जोर लावला, तर तरफेच्या नियमाने धावेच्या मध्यावर असलेल्या पिस्टनवर आठपट, म्हणजे सुमारे १६० किलोग्रॅम भाराएवढे बल पडते. पान्याला पाइप जोडून लांबी १.२ मीटर केली की हेच बल ६४० होते. पिस्टन धावेच्या टोकाजवळ असेल तर याहूनही जास्त, कारण तिथे क्रँक बराच फिरला तरी पिस्टन जेमतेम सरकतो.

हे बल गंजाच्या पाचरीवर सारखे वाटले जात नाही. ते एखाद्या रिंगेवर आणि तिच्या खाचेच्या पातळ काठावर येते. ओतीव लोखंडाची रिंग वाकत नाही, तुटते. ओढलेल्या गाडीत तर पाऊण टनाहून जास्त वजनाचा संवेग एका हिसक्यात इंजिनावर येतो आणि तो किती, हे आपल्या हातात राहत नाही.

तेलाचे काम

म्हणून जोराऐवजी वेळ खर्च करायचा. प्रत्येक प्लगच्या भोकातून चार-पाच चमचे पातळ तेल सोडतात: डिझेल किंवा रॉकेल आणि त्यात थोडे इंजिन तेल. हे मिश्रण गंज विरघळवते, हा मोठा गैरसमज आहे. गंज सच्छिद्र असतो. त्याच्या भेगांत तेल शिरते आणि कणाकणांमधले घर्षण कमी करते.

तेल शिरते ते केशाकर्षणाने. फट जितकी अरुंद, तितकी ओढ जास्त. ०.०५ मिलिमीटरच्या फटीत रॉकेल गुरुत्वाकर्षणाविरुद्धही सुमारे १३ सेंटिमीटर चढू शकते. पण किती वेळात, हे द्रवाच्या दाटपणावर ठरते. नुसते इंजिन तेल फार सावकाश शिरते. नुसते रॉकेल लवकर शिरते, पण वंगण म्हणून कमी पडते. दोघांच्या मिश्रणामागचा हेतू हाच.

भोकांवर चिंधी ठेवून रोज थोडी भर घालावी. एखाद्या सिलिंडरमधले तेल रात्रीतून खाली गेले, तर ते रिंगांच्या बाजूने झिरपत आहे. हे चांगले लक्षण. हे काम दोन दिवसांत होईल किंवा दोन-तीन आठवडे लागतील.

गंजलेला नट तापवून सुटतो, मग इंजिन तापवले तर? इथे सावध राहावे. उष्णतेने ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. दोन्ही ८० अंशांनी तापले, तर ६८ मिलिमीटरच्या व्यासात पिस्टन भिंतीपेक्षा सुमारे ०.०६५ मिलिमीटर जास्त फुगेल, म्हणजे आणखी घट्ट बसेल. फायदा होतो तो निवताना: फट पुन्हा उघडते, गंजाला तडे जातात आणि तेल आत ओढले जाते. मात्र तेलाच्या वाफा पेट घेतात, म्हणून ज्योत जवळ आणू नये.

पहिली हालचाल

काही दिवसांनी पुलीवर खडूने खूण करावी आणि साध्या पान्याने, हिसका न देता, पुढे-मागे दाबून पाहावे. पहिली हालचाल अर्ध्या अंशाचीही असेल. ती झाली की त्याच दिशेने रेटू नये. मागे यावे, तेल घालावे, पुन्हा पुढे जावे. एकाच दिशेने रेटल्यास सुटलेली गंजाची भुकटी पुढे जाऊन अडकते. झडपांवरचे झाकण काढून त्याही हलतात ना हे पाहावे. एखादी अडकलेली असेल तर तिचा दांडा वाकू शकतो.

पूर्ण फेरा झाल्यावर सर्वांत महागडी चूक होते ती प्लग परत बसवण्याची घाई. द्रव दाबला जात नाही. सिलिंडरमध्ये तेल साचलेले असताना वरचे तोंड बंद केले आणि स्टार्टर मारला, तर कनेक्टिंग रॉडच वाकतो. म्हणून आधी चेंबरमधले पातळ झालेले तेल बदलावे, फिल्टर बदलावा, प्लगविना इंजिन फिरवून आतले तेल बाहेर काढावे आणि नंतरच प्लग लावावेत.

सुटलेले इंजिन म्हणजे दुरुस्त झालेले इंजिन नव्हे. भिंतीला गंजाने खड्डे पाडले असतील तर दाब टिकत नाही, निळा धूर येतो आणि सिलिंडर बोअर करून मोठे पिस्टन घालावे लागतात.

दर रविवारी दोन मिनिटे?

गाडी जाम होऊ नये म्हणून कित्येकजण ती आठवड्यातून दोन मिनिटे चालू करून बंद करतात. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. गरम इंजिनातून ते वाफ होऊन जाते. थंड इंजिनात आतच राहते. दोन मिनिटांच्या उपचाराने आपण आत पाणीच भरत असतो. चालवायची तर इंजिन पूर्ण तापेपर्यंत, अर्धा तास फिरवून आणावी. ते शक्य नसेल तर सिलिंडरमध्ये तेल सोडावे आणि कार्ब्युरेटर व सायलेन्सरची तोंडे तेलकट चिंधीने बंद करावीत.

वर्गात करून पाहा

एकाच मापाचे बारा नट-बोल्ट सारखे घट्ट करून मिठाच्या पाण्यात भिजवा आणि दोन आठवडे उघड्यावर ठेवा. मग तीनांना काहीच लावू नका. तीनांना रॉकेल, तीनांना गोडेतेल आणि तीनांना दोघांचे मिश्रण लावा. पान्याच्या टोकाला तानकाटा अडकवून ओढा आणि नट हलतो त्या क्षणीचे वाचन टिपा. बल गुणिले पान्याची लांबी म्हणजे बलाचा आघूर्ण. निम्मे नट तासाभराने आणि निम्मे आठवड्याने सोडवले, तर मुलांना दोन आलेख मिळतील. द्रव महत्त्वाचा की वेळ, हे त्यांनाच ठरवू द्या.