एक कवटी आणि दगडांची साक्ष

वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीच्या पायाखालचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्या खडकात आदिमानवाचे हाड सापडणार नाही. माणसाचे कूळ त्यानंतर फार उशिरा जन्माला आले. शोध घ्यायचा तो नद्यांनी साठवलेल्या गाळात. तसे हाड मिळाले ते सातपुड्यापलीकडे. ५ डिसेंबर १९८२ रोजी सीहोर जिल्ह्यातल्या हाथनोऱ्याला, नर्मदाकाठच्या गोट्यांच्या थरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अरुण सोनकियांना कवटीचा उजवा भाग सापडला. सोनकियांनी त्याला ‘होमो इरेक्टस’ची नर्मदेकाठची उपजाती मानले. १९९१ मध्ये मानवशास्त्रज्ञ केनेडी आणि सहकाऱ्यांनी तीच कवटी पुन्हा तपासून ती प्राचीन ‘होमो सेपियन्स’ची ठरवली. मेंदूच्या आकारमानाचे अंदाजही ११५५ पासून १४२१ घनसेंटिमीटरपर्यंत पसरलेले. अर्धी कवटी, तीही एकच. एवढ्यावर जातीचा निवाडा करण्याची घाई झाली, असे मला ठामपणे वाटते.

या वादाच्या गलबल्यात महाराष्ट्राचा पुरावा मागे पडला. प्रवरेकाठी नेवाशाजवळच्या चिरकीला गुद्रुन कॉर्विनस यांनी १९६० च्या दशकात उत्खनन करून हातकुऱ्हाडी आणि फरश्या उजेडात आणल्या. कुकडीकाठच्या बोरीलाही अशीच हत्यारे ज्वालामुखीच्या राखेसोबत मिळाली. त्या राखेचे वय कुणी सुमारे १४ लाख वर्षे काढले, तर कुणी ती तोबा ज्वालामुखीची, म्हणजे जेमतेम ७५ हजार वर्षांची मानली. तारखा अशा डळमळीत आहेत, हे खरे. पण घडवलेले दगड खोटे ठरत नाहीत.

दगडावरून जात कळत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण जात तर कवटीनेही निर्विवाद सांगितलेली नाही. आदिमानव कुठे राहिला, त्याने कोणता खडक निवडला आणि कसा फोडला, हे मात्र दगडच सांगतात. दुसरा आक्षेप अधिक अवघड: गोदावरीच्या गाळात हत्तीची हाडे टिकली, मग माणसाची का नाहीत? माझ्या मते याचे उत्तर संख्येत आहे. माणसांच्या टोळ्या तुरळक आणि हाडे नाजूक. उलट एकेक माणूस आयुष्यभरात कितीतरी हत्यारे घडवून टाकून देत असे. म्हणून दख्खनमध्ये हाड मिळाले नाही, एवढ्यावरून तो इथे नव्हता असे म्हणता येणार नाही. पैनगंगेच्या खोऱ्यातले जुने थर तपासतानाही आधी दगड पाहावेत आणि हाडाची आशा ठेवावी ती नंतर.