माल वाहणाऱ्या गाडीचे ब्रेक पॅड : तपासणी आणि घरच्या घरी बदल

शेतमालाची काढणी, प्रतवारी आणि भरणी झाली म्हणजे शेतकऱ्याचे काम संपले असे नाही. माल बाजारपेठेत सुखरूप पोहोचला पाहिजे आणि गाडी घेऊन गेलेला माणूसही सुखरूप परतला पाहिजे. पुरंदर तालुक्यातील अंजीर व सीताफळ दिवे घाट उतरून, तर भोर-साताऱ्याकडील भाजीपाला कात्रजमार्गे पुण्यातील गुलटेकडीच्या मार्केट यार्डात येतो. दोन्ही वाटांवर शहराकडे येताना भरलेली गाडी उतारावर असते. कात्रजच्या नवीन बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका मालट्रकने ओळीने अनेक वाहनांना धडक दिली. अशा उतारावर गाडीचा सारा भार ब्रेकवर येतो. म्हणून ज्यांच्या घरी जीप, कार किंवा पिकअप आहे, त्यांनी ब्रेक पॅडची माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

ब्रेक पॅड का झिजतात?

पुढच्या चाकाबरोबर लोखंडी डिस्क फिरत असते. आपण ब्रेक दाबला की ब्रेक ऑईलच्या दाबाने कॅलिपरमधील पिस्टन पुढे सरकतो आणि दोन्ही बाजूंचे पॅड डिस्कला घट्ट धरतात. गाडीचा वेग घर्षणाने उष्णतेत बदलतो. मालासह ३ टन वजनाचा पिकअप ताशी ६० किलोमीटर वेगावरून एकदा थांबवला, तर सुमारे ४ लाख ज्यूल उष्णता तयार होते. एवढ्या उष्णतेने जवळजवळ १.४ लिटर साधे पाणी उकळू लागेल. तोच पिकअप फक्त १०० मीटर उंची उतरला, तर याच्या सातपट ऊर्जा ब्रेक आणि इंजिन यांना मिळून आवरावी लागते. नांगराचा फाळ जसा जमिनीत झिजतो, तसे पॅड झिजणारच. फाळ बोथट झाला तर नांगरट उथळ होते, पण पॅड संपले तर जिवावर बेतते.

पॅड संपत आल्याची लक्षणे

१) ब्रेक लावताना बारीक, तीक्ष्ण कर्कश आवाज येतो. अनेक पॅडना यासाठीच पत्र्याची छोटी पट्टी बसवलेली असते.
२) घासल्यासारखा खरखरीत आवाज आला, तर पॅडचा मसाला संपून लोखंडावर लोखंड घासत आहे असे समजावे. अशी गाडी मुळीच चालवू नये.
३) गळती नसताना टाकीतील ब्रेक ऑईलची पातळी हळूहळू खाली जाते. पॅड झिजल्याने पिस्टन बाहेर येतो आणि त्यामागची जागा ऑईल भरते. अशा वेळी नुसते ऑईल भरू नये, आधी पॅड पाहावेत.
४) ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते.

नवीन पॅडवरील मसाला साधारणपणे १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलावेत.

लागणारे साहित्य

जॅक, दोन भक्कम स्टँड, व्हील पाना, रिंग व सॉकेट पाने, सी-क्लॅम्प, जाड तार, ब्रेक क्लीनर, ब्रेकसाठीचे उष्णतारोधक ग्रीस, तोंडाला मास्क आणि आपल्या गाडीची माहितीपुस्तिका. पॅड गाडीच्या मॉडेलप्रमाणे व वर्षाप्रमाणेच घ्यावेत. पुण्यात नाना पेठेत सुट्या भागांची मोठी बाजारपेठ आहे. तेथे जाताना जुना पॅड नमुन्यासाठी न्यावा आणि पक्के बिल घ्यावे. खुल्या, बिननावाच्या मालाच्या स्वस्ताईला भुलू नये.

बदलण्याची पद्धत

१) गाडी सपाट, टणक जागेवर उभी करावी. शेतातील मऊ जमिनीवर हे काम करू नये. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. गाडी नुकतीच चालवली असेल तर डिस्क थंड होऊ द्यावी.
२) चाक जमिनीवर असतानाच त्याचे नट थोडे सैल करावेत. मग पुस्तिकेत दाखवलेल्या जागी जॅक लावून गाडी उचलावी आणि लगेच स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर काम करू नये. काढलेले चाक चॅसीखाली आडवे सरकवून ठेवावे.
३) एका वेळी एकाच बाजूचे काम उघडावे, म्हणजे जोडणीत शंका आल्यास दुसरी बाजू पाहता येते.
४) बहुतेक गाड्यांत कॅलिपर दोन सरकत्या पिनांवर बसलेला असतो. खालचा बोल्ट काढून तो वर उचलता येतो. पूर्ण काढल्यास तारेने वर बांधावा. रबरी नळीवर लोंबकळत ठेवल्यास नळी आतून फाटते.
५) जुने पॅड काढावेत. साठलेली धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने उडवू नये. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते व ते फुप्फुसांना घातक असते. ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसावे.
६) डिस्क पाहावी. तिची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. त्यापेक्षा ती पातळ झाली असल्यास, तडा किंवा खोल चर असल्यास डिस्कही बदलावी.
७) ऑईलच्या टाकीचे झाकण सैल करावे. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने पिस्टन सावकाश आत ढकलावा. टाकीतील ऑईल वर येते, ते सांडू देऊ नये, कारण ते रंग खाते. पिस्टनचे रबर फाटलेले किंवा ओले दिसल्यास काम थांबवून मेकॅनिकला दाखवावे.
८) सरकत्या पिना पुसून त्यांना ब्रेकचे ग्रीस लावावे. पॅडच्या मसाल्याला व डिस्कला ग्रीसचा हात लागू देऊ नये.
९) नवीन पॅड बसवून कॅलिपर जोडावा. बोल्ट पुस्तिकेत दिल्याप्रमाणे आवळावेत. चाकाचे नट समोरासमोर आळीपाळीने आवळावेत व गाडी खाली घेतल्यावर पुन्हा तपासावेत.
१०) दुसऱ्या बाजूचे पॅडही त्याच दिवशी बदलावेत. एकाच बाजूला नवीन पॅड असल्यास गाडी ओढते.

हे विसरू नये

पिस्टन मागे ढकललेला असल्याने पहिल्यांदा ब्रेक दाबला की पेडल थेट तळाला जाते. म्हणून गाडी जागची हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत अनेक वेळा दाबावे. नंतर ऑईलची पातळी पाहून झाकण लावावे. पुस्तिकेत सांगितलेले डॉट ३ किंवा डॉट ४ ऑईलच वापरावे. इंजिन ऑईल किंवा हायड्रॉलिक ऑईल भरल्यास रबर फुगून ब्रेक निकामी होतात. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते व त्यामुळे घाटात तापून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ते साधारण दोन वर्षांनी बदलावे.

मोकळ्या रस्त्यावर गाडी ताशी ५० किलोमीटरवरून १० पर्यंत सावकाश आणावी आणि मध्ये थोडी विश्रांती देत असे ८ ते १० वेळा करावे. त्याने पॅड डिस्कला नीट बसतात. पहिले २०० ते ३०० किलोमीटर पूर्ण भार घेऊन घाट उतरू नये.

घरी काय करू नये

मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक, विजेवर चालणारा हँडब्रेक आणि ऑईलची नळी उघडावी लागेल असे कोणतेही काम जाणकाराकडेच द्यावे. अनेक ट्रॅक्टरचे ब्रेक तेलात बुडालेले असतात, त्यांनाही ही पद्धत लागू नाही. काम झाल्यावर पेडल स्पंजासारखे मऊ लागले, तर गाडी रस्त्यावर आणू नये.

नवीन पॅड असले तरी घाट गिअरमध्येच उतरावा. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करू नये आणि इंजिन बंद करू नये. इंजिन बंद झाले की पॉवर ब्रेकचे साहाय्य एक-दोन वेळा दाबल्यावर संपते व पेडल दगडासारखे होते. वाचलेल्या डिझेलची किंमत थोडी असते. काढणीचा हंगाम सुरू होण्याच्या आधी, औजारांची दुरुस्ती करतो त्याच आठवड्यात, ब्रेक पॅडचीही तपासणी करून घ्यावी.