ब्योमकेश बक्षी वाचायचा, पण सुरुवात कुठून?

१९९३मध्ये दूरदर्शनवर बासू चटर्जींची मालिका लागली आणि रजित कपूरचा धोतरातला गुप्तहेर ब्योमकेश घराघरांत ओळखीचा झाला. त्याची बायको सत्यवती होती आपली सुकन्या कुलकर्णी. मूळ बंगाली कथा शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या. बत्तीस पूर्ण आणि एक अर्धवट राहिलेली. काही छोट्या, काही चांगल्या कादंबरीएवढ्या.

दोन काळ, दोन लेखक

पहिल्या दहा कथा १९३२ ते १९३६मधल्या. मग शरदिंदु मुंबईला बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला आले आणि ब्योमकेश पंधरा वर्षं गप्प बसला. १९५१मध्ये ‘चित्रचोर’मधून तो परतला. पुढच्याच वर्षी लेखकाने सिनेमा सोडून पुण्यात घर केलं. नंतरचं कलकत्ता बरंचसं पुण्यात बसून लिहिलेलं आहे.

पहिली कथा

लेखनक्रमाने ‘पथेर काँटा’ आधीची आहे, पण सुरुवात ‘सत्यान्वेषी’पासून करावी. बहुतेक कथा सांगणारा त्याचा मित्र अजित आणि ब्योमकेश यांची गाठ त्यात एका मेसमध्ये पडते. लगोलग ‘अर्थमनर्थम्’ घ्या. सत्यवती भेटते ती तिथे. या काळातल्या कथांवर शेरलॉक होम्सची सावली आहे आणि गुन्ह्याची युक्ती माणसांपेक्षा मोठी होऊन बसते. सगळ्या दहा सलग वाचण्याचा हट्ट नको.

खरा ऐवज

थेट ‘चिडियाखाना’वर या. निवृत्त न्यायाधीश निशानाथ सेन यांनी शहराबाहेर गुलाब कॉलनी वसवली आहे: फुलं, भाजीपाला, दूधदुभतं, आणि कामाला भूतकाळ लपवणारी माणसं. तिथे कुणीतरी रात्री खिडकीतून मोटारीचे सुटे भाग फेकतं. इथे खुनी कोण यापेक्षा ही माणसं एकमेकांना कशी सांभाळून घेतात, कशी खातात, यात जास्त गुंतायला होतं. सत्यजित राय यांनी १९६७मध्ये यावर उत्तमकुमारला घेऊन चित्रपट केला. पुस्तक आधी वाचलेलं बरं.

त्यानंतर ‘आदिम रिपु’. दंगलींनी होरपळलेलं कलकत्ता, उंबरठ्यावर आलेलं स्वातंत्र्य, आणि त्या गदारोळात एक खून. ब्योमकेशच्या न्यायबुद्धीची कसोटी मला इथे सगळ्यांत कडक वाटते. किल्ला आणि गुप्तधन आवडत असेल तर ‘दुर्गरहस्य’, आणि शेवटी ‘शजारुर काँटा’. त्यात साळिंदराच्या काट्याने खून होतात आणि सांगायला अजित नाही.

महाबळेश्वरचा मोह

‘शैलरहस्य’ महाबळेश्वरला घडते, म्हणून मराठी वाचक तिच्यावरच आधी झडप घालील. थोडं थांबा. तिच्यात भुताखेताचा अंश आहे. तर्काने चालणारा ब्योमकेश आधी अंगवळणी पडलेला असेल, तरच तिथली त्याची पंचाईत रंगते.

बंगाली येत नसेल तर श्रीजाता गुहा यांची इंग्रजी भाषांतरं आहेत. आणि शरदिंदु आवडलेच, तर शिवाजी महाराजांच्या फौजेतल्या सदाशिव नावाच्या पोराच्या गोष्टीही त्यांनी लिहिल्यात, तेव्हा बंगाली मुलांनी मावळे कसे वाचले तेही बघता येईल.