अधिवेशन संपते, समिती उरते

पुणे स्टेशनपासून जवळच असलेल्या कौन्सिल हॉलमध्ये इंग्रजी अमदानीत मुंबई कायदेमंडळाची पावसाळी अधिवेशने भरत. त्या आवारात आज विभागीय आयुक्तांचा कारभार चालतो. विधिमंडळ भरते मुंबईत वा नागपुरात. पुणेकरांना त्याचे दर्शन घडलेच, तर ते दौऱ्यावर आलेल्या एखाद्या समितीच्या रूपाने, आणि तेही बहुधा अधिवेशन नसताना.

दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर पडू नये, एवढेच संविधानाचा १७४ वा अनुच्छेद सांगतो. मधल्या काळात सरकारी खर्चाचा जाब विधिमंडळातर्फे विचारणार कोण? लोकलेखा समिती, अंदाज समिती, पंचायती राज समिती. सभागृह संस्थगित झाले तरी समितीपुढील काम रद्द होत नाही, असे लोकसभेचे नियम स्पष्ट सांगतात. गणपूर्तीला एकतृतीयांश सदस्य लागतात; बैठक संसद-परिसराबाहेर घ्यावयाची तर प्रश्न अध्यक्षांकडे जातो.

समितीची बैठक खासगी असते, यात गैर काही नाही. प्रेक्षकसज्जा नसली की सदस्य पक्षाचा अंगरखा थोडा सैल करतात आणि अधिकारीही मोकळेपणाने बोलतात. परंतु दौऱ्यावर या खासगीपणाचे स्वरूप पालटते. ज्या जिल्ह्याच्या कारभाराची तपासणी करावयाची, तेथीलच यंत्रणा समितीची सरबराई करते. परीक्षकाने परीक्षार्थ्याच्या घरी उतरावे, तसाच हा प्रकार! मे २०२५ मध्ये अंदाज समिती धुळ्याच्या दौऱ्यावर असताना तेथील शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीत सुमारे १ कोटी ८४ लाख रुपयांची रोकड सापडली. ती कोणाची व कशासाठी, हा तपासाचा विषय. पण बंद दाराआड चालणाऱ्या कामाविषयी लोकांच्या मनात संशय निर्माण होण्यास तेवढे पुरेसे झाले.

साक्षी गुप्त राहोत. दौरा गुप्त राहण्याचे कारण नाही. समिती कोणत्या दिवशी आली, किती सदस्य हजर होते, कोणत्या खात्याचे कागद मागविले आणि निवास-भोजनाचा खर्च कोणी केला, हे जाहीर केल्याने कोणत्या साक्षीदाराच्या केसाला धक्का लागणार आहे? अहवालासाठीही पुढील अधिवेशनाची वाट पाहिलीच पाहिजे असे नाही. सभागृह भरलेले नसताना अहवाल छापून प्रसृत करण्याचा आदेश देण्याचा अधिकार लोकसभेच्या नियमांनी अध्यक्षांना दिलेला आहे. समितीने विनंती तेवढी करावयाची असते.