मुलांच्या हाती गाडी : धंदेवाल्यांनी विचार करण्याची गोष्ट

भिवंडीच्या कल्याण नाक्यावर दुपारी पाच मिनिटे उभे राहिले तर एक दृश्य हमखास दिसते. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा मोटारसायकलवर येतो. पुढे टाकीवर दोन ताके, मागे चार ताके दोरीने बांधलेले, डोक्यावर हेल्मेट नाही, मान वाकडी करून खांद्यात मोबाईल धरलेला. बघणारे म्हणतात, "मुलगा कामाचा आहे." पण हा मुलगा कोणाचा? आपलाच. आणि काम कोणाचे? तेही आपलेच. म्हणून हा विषय पोलिसांचा किंवा शाळेचा नाही, धंद्याच्या पानावरचा आहे.

काही वर्षांपूर्वी आम्हीही असेच म्हणत होतो. आमचा धाकटा तेव्हा दहावीत होता. डाइंगला नमुन्याचे ताके तातडीने पाठवायचे होते आणि ड्रायव्हर आला नव्हता. गल्ल्यातून किल्ली काढून आम्हीच त्याच्या हातात दिली. पावसाची पहिली सर नुकतीच पडून गेली होती. वळणावर गाडी घसरली आणि एका हातगाडीवाल्याला जाऊन धडकली. मुलाचा पाय मोडला, हातगाडीवाल्याचे मनगट मोडले. मुलगा गादीवर पडून बरा झाला. हातगाडीवाल्याचे घर मात्र त्याच मनगटावर चालत होते. दवाखान्याचा खर्च आणि दोन महिन्यांची मजुरी आम्ही दिली. आम्ही घरी गेलो तेव्हा त्याने आमच्या मुलाची खुशाली विचारली. त्या वेळी मान खाली गेली ती अजून पुरती वर आलेली नाही. चूक मुलाची नव्हती, किल्ली देणाऱ्याची होती.

आता थोडा विचार करा. कारखान्यात नवा पोरगा आला तर पहिल्या दिवशी आपण त्याला चालू मागावर उभे करतो का? आधी तो कांडी भरतो, मग तुटलेला धागा जोडायला शिकतो, उस्तादाची नजर बसली की मग त्याला माग मिळतो. टेलरकडे शागिर्द आधी काज-बटण आणि तुरपाई करतो, कात्री त्याच्या हातात शेवटी येते. का? कापड बिघडेल म्हणून. कापडाची एवढी काळजी घेणारे आपण लोक, माणसाचा जीव घेऊ शकणारे यंत्र मात्र पोराच्या हातात कोणत्याही तालमीशिवाय देतो. मोठ्या भावाच्या मागे बसून पाहिले, गल्लीत दोन चकरा मारल्या, झाले शिक्षण.

गाडी चालवणे हाही एक हुन्नर आहे आणि त्याचा हिशेब आपल्या ओळखीचा आहे. आपण मीटर मोजणारी माणसे. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, ६० च्या वेगाने जवळपास १७ मीटर. समोर मूल आडवे आले हे दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच एवढी मीटर संपलेली असतात. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारे अंतर दुप्पट नाही, चौपट होते. मागे ताके बांधले की वजन मागे जाते, पुढचे चाक हलके होते आणि हँडल मनासारखे वळत नाही. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिळून साबणासारखा थर होतो. ट्रकच्या अगदी बाजूला चालणारी मोटारसायकल ट्रकवाल्याला आरशात दिसत नाही. या गोष्टी सोळा वर्षांच्या मुलाला आपोआप कळत नाहीत, कोणीतरी बसवून सांगाव्या लागतात. मागे आई किंवा बहीण बसली तर बुरख्याचा घेर व ओढणी आवरून घ्यायची आणि गाडीला साडीगार्ड असले पाहिजे, हेही त्यातच आले.

हेल्मेटचे आकडेही पाहा. सरकारी अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतील ५०,०२९ दुचाकीवरील अशी होती की ज्यांनी हेल्मेट घातले नव्हते. एका ताक्याच्या किमतीत हेल्मेट येते.

कायदा मालकाला धरतो

कायदा काय म्हणतो ते प्रत्येक दुकानदाराने समजून घ्यावे. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे वाहन चालवायला १८ वर्षे पूर्ण लागतात. १६ वर्षांच्या मुलाला फक्त ५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलची सवलत आहे, आणि तशा गाड्या बाजारात जवळपास उरलेल्या नाहीत. मालवाहू टेम्पोसाठी वय २० लागते. २०१९ साली या कायद्यात कलम १९९-अ घातले गेले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीचे रजिस्ट्रेशन बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पूर्ण खबरदारी घेतली होती, हे आपण सिद्ध करायचे. किल्ली गल्ल्यातून आपणच दिली असेल तर काय सिद्ध करणार?

विम्याचेही तसेच. चालकाकडे लायसन्स नसेल तर कंपनी जखमी माणसाला भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. वर्षानुवर्षे हप्ते भरले तरी ऐन वेळी खिसा आपलाच रिकामा होतो.

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात १७ वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा साऱ्या देशात संताप झाला. आपणही म्हणालो, "श्रीमंतांची पोरे." पण वय पाहिले तर आपल्या ताके नेणाऱ्या मुलात आणि त्याच्यात फरक किती?

रात्रीची गोष्ट

अजून एक गोष्ट बोलायला जड जाते, पण बोलली पाहिजे. शब-ए-बरातची रात्र आणि रमजानच्या रात्री इबादतीसाठी आहेत. त्या रात्री काही मुले तिघे-तिघे बसून शर्यती लावतात. मौलाना लोक समजावतात, पोलीस नाकाबंदी करतात. पण रात्री बारा वाजता गाडी घरातून निघाली तेव्हा किल्ली कुठे होती, हा सवाल बापाला आहे. इफ्तारच्या आधीची दहा मिनिटेही तशीच धोक्याची. घरी पोहोचायला उशीर झाला तर दोन खजूर खिशात ठेवा आणि रस्त्याच्या कडेला थांबून रोजा सोडा.

रस्त्यातली त्रास देणारी वस्तू बाजूला करणे हा ईमानचा भाग आहे, असे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. दगड उचलणे नेकी असेल, तर न शिकलेला मुलगा गाडीवर बसवून त्याच रस्त्यावर सोडणे याला काय म्हणावे?

म्हणून आमची विनंती साधी आहे. दुकानाच्या व कारखान्याच्या गाड्यांच्या किल्ल्या कुलपात ठेवा. १८ च्या आतल्या मुलाला माल पोचवायला पाठवू नका, टेम्पोचे भाडे द्या, ते स्वस्त पडते. १८ पूर्ण झाले की लर्निंग लायसन्स काढा. ते सहा महिने चालते आणि ३० दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. ते दिवस फॉर्म भरण्यात घालवू नका, तालमीत घालवा. ज्यांचे कारखाने शुक्रवारी बंद असतात त्यांनी जुमाच्या नमाजनंतर एखाद्या जुन्या, शांत डोक्याच्या ड्रायव्हरला बोलवावे आणि मोहल्ल्यातल्या मुलांना तासभर रस्त्याचे नियम सांगायला लावावे. आणि आपण स्वतः हेल्मेट घालावे. मुलगा आपले ऐकतो त्यापेक्षा आपल्याला बघतो जास्त.

आमचा धाकटा आता लायसन्स घेऊन गाडी चालवतो. तो हातगाडीवाला अजून आमचाच माल ओढतो. नाक्यावर तो दिसला की मुलगा गाडी हळू करतो. आम्ही त्याला तसे कधी सांगितलेले नाही.